आधी काय लावलं?

मालकीणकाकींच्या दारात कापडावरचा डाग घेऊन आलेल्या बाईला आत बोलावलं जात नसे. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, कापड दोन्ही हातांवर पसरून धरायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. कसला रंग? कधीचा? आधी काय लावलं? पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत बायका ठीक असत. तिसऱ्याला अडखळत. बहुतेकजणी सांगत, काही नाही लावलं काकी, तशीच आणली चादर. मग काकी ती चादर नाकाजवळ नेत, डोळे मिटत आणि म्हणत, "मग हा लिंबाचा वास काय कापूस झाडावर असतानाच लागला?"

खोटं सापडलं की चादर घडी होऊन परत. दुसऱ्या दिवशी खरं उत्तर घेऊन यायचं आणि ते जिन्यात उभं राहून, वरखाली जाणाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. त्याशिवाय काकी कापडाला हात लावत नसत. डाग काढून देण्याचं त्या काहीच घेत नसत. त्यांना जे हवं असे ते दारातच मिळालेलं असे.

आम्ही वसईजवळ आचोळ्यात त्यांच्या घरात नऊ वर्षं भाड्यानं राहिलो. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे आधी त्यांची भातशेती होती. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं चार फ्लॅट दिले. तळमजल्यावरच्या एकात त्या एकट्या राहत आणि बाकीचे तीन भाड्यानं देत. फ्लॅटचे नंबर त्यांनी कधी वापरले नाहीत. शेताच्या ज्या तुकड्यावर जो फ्लॅट आला त्याचं नाव त्याला. एक बांधावरचा, एक आंब्याखालचा. आमचा तळ्यावरचा, कारण खाली पूर्वी लहानसं तळं होतं. माझे बाबा बँकेत, आई शाळेत, आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. पण काकींच्या लेखी आम्ही तळ्यावरचे होतो आणि मी तळ्यावरची पोरगी. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

तळं बुजवलं तरी गेलं नव्हतं. भिंतींना खालून ओल येई, रंगाला फुगे येत, पापुद्रे सुटत. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये बाराही महिने कोणा ना कोणाच्या घरी रंगकाम चालू असे, आणि रंगकाम म्हटलं की चादरी, पडदे, सोफ्याची कव्हरं यांवर शिंतोडे आलेच. ज्या तळ्यानं भिंती खराब केल्या त्याच तळ्यानं काकींना मान मिळवून दिला, असं बाबा म्हणत. काकींच्या समोर अर्थात नाही.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं, हे कबूल करायला हवं. मागच्या गॅलरीला त्या खळं म्हणत. तिथे पाटावर बसायचं, मांडीवर कापड, कापडाखाली नवऱ्याची जुनी बनियनं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्याची बनियनं अजून कामावर होती. डाग नेहमी खाली, बनियनाकडे तोंड करून ठेवायचा आणि औषध मागच्या बाजूनं लावायचं. "ज्या वाटनं आला त्याच वाटनं धाडायचा, आरपार नाय न्यायचा," असं त्या सांगत. भिंतीचा रंग असेल तर आधी चमच्याच्या पाठीनं वरचा पापुद्रा खरवडायचा, मग स्पिरिट, मग कोमट पाणी आणि साबण. दारा-खिडक्यांचा ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाइन. घासायचं नाही. टिपायचं. बनियनाची जागा बदलायची, परत टिपायचं. एका शिंतोड्याला कधी दोन दिवस लागत. त्यांना घाई नव्हती. कापड टाकून देणारी बाई त्यांना माणूस मारणाऱ्या बाईसारखी वाटे.

मी त्यांच्याकडे गेले ती लेबल वाचायला.

मी तेव्हा नववीत होते. इंग्लिश मीडियमची, आणि घराबाहेर जवळजवळ मुकी. माझी मराठी घरातल्या घरात बरी होती, पण जिन्यात कोणी काही विचारलं की वाक्य तोंडात तयार होईपर्यंत विचारणारा वरच्या मजल्यावर पोहोचलेला असे. बायका आईला विचारत, हिला बोलता येतं ना? एका रविवारी आईनं आमच्या सोफ्याचं कव्हर देऊन मला खाली पाठवलं. काकींनी त्याच्या शिवणीतली पांढरी पट्टी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "इंग्लिस शिकतेस ना. वाच."

मी वाचलं. कॉटन साठ, पॉलिएस्टर चाळीस. कोमट पाण्यात धुवा. ब्लीच नको.

"मी इचारीन तेवडंच वाचायचं," त्या म्हणाल्या. "माज्या डोक्यात गर्दी नको."

मला ते आवडलं. जगात एक तरी बाई होती जिला माझ्याकडून जास्त बोलणं नको होतं. मग दर रविवारी सकाळी मी खळ्यावर जाऊन बसू लागले. बाटल्यांवरची नावं वाचायची, शिवणीतल्या पट्ट्या वाचायच्या, विचारलं तेवढंच सांगायचं. काकी माझ्याशी बोलत नसत, कापडाशी बोलत. "कुटून आलास रे तू," असं एखाद्या निळ्या ठिपक्याला विचारत. मला तेव्हा वाटे, ही बाई खरी आहे. सगळी बिल्डिंग गोड बोलते आणि ही एकटी खरं बोलते. चौदाव्या वर्षी खरं बोलणारं माणूस आणि दुसऱ्याला खरं बोलायला लावणारं माणूस यांतला फरक मला कळत नव्हता.

त्या वर्षी आंब्याखालच्या फ्लॅटमध्ये नवी सून आली. तिनं एक पलंगपोस आणला, माहेरून आलेला, कडेला पिस्ता रंगाचा ओघळ. कसला रंग, तर भिंतीचा. कधीचा, तर परवाचा. आधी काय लावलं, तर काही नाही. काकींनी ओघळावरून अंगठा फिरवला. तिची सासू नेमकी भाजीची पिशवी घेऊन जिन्यात थांबली होती. काकी तिच्याकडे बघून म्हणाल्या, "हिनं वरून गरम इस्तरी फिरवलीय. रंग भाजून बसलाय आत. आता देव आला तरी निघनार नाय."

त्या मुलीनं मान खाली घातली. तिला वाटलं होतं, इस्त्रीनं रंग वितळून सुटेल. सासूनं पुढे दोन वर्षं ती इस्त्री पुरवली. पाहुण्यांसमोर, हळदीकुंकवाला, गॅसवर दूध उतू गेलं तरी इस्त्रीची आठवण. मी एकदा धीर करून काकींना म्हटलं की ते सासूसमोर नसतं सांगितलं तर चाललं असतं. विचारल्याशिवाय मी बोललेलं ते पहिलं वाक्य. काकींनी चमचा थांबवला नाही. "मी कुटं काय बोलली? कापड बोललं," त्या म्हणाल्या.

हे त्यांचं नेहमीचं होतं. त्या स्वतः कधी कोणाबद्दल काही म्हणत नसत. कापड म्हणे.

त्यांच्या उंबऱ्याच्या आत थेट येणारा एकच माणूस होता. हरेशदादा, रंगारी. मूळचा चांदीप गावचा. काकींच्या चारही फ्लॅटना वर्षानुवर्षं तोच रंग देत असे आणि त्यांच्या शब्दावर पूर्ण बिल्डिंगमध्ये, शेजारच्या दोन बिल्डिंगमध्येही त्याला काम मिळे. उंच, सावकाश बोलणारा, कानाच्या मागे कायम पांढरा ठिपका. तो एकटाच असा होता की ज्याला तीन प्रश्न विचारावे लागत नसत. तो येतानाच सांगत येई. "काकी, ऑइल पेंट, कालचा, मीच पाडला, टर्पेंटाइन लावून बगितलं, आर्दा गेला." काकी त्याला चहा देत. बशीत नाही, कपात. बिल्डिंगमधल्या बायकांना त्या ऐकवत, "त्या हरेशकडून शिका जरा. डाग पाडतो पन लपवत नाय."

आता पडद्याचं सांगते.

आमच्या समोर सावंतबाई राहत होत्या. त्यांचा भाऊ मस्कतला होता. त्यानं हॉलसाठी पडदे आणले होते, मोरपंखी रंगाचे, सॅटिनचे, इतके चकचकीत की आमचं दार उघडं असलं की आमच्या हॉलमध्येही हिरवा उजेड पडे. हरेशदादा त्यांच्याकडे खिडक्या रंगवत होता. पडदे काढून ठेवा, असं त्यानं दोनदा सांगितलं होतं. त्यांनी नुसते वर गुंडाळून ठेवले. मुगाच्या दाण्याएवढा पांढरा थेंब एका पडद्यावर पडला आणि दोघांच्याही लक्षात आला तो चार दिवसांनी. हरेशदादानं स्वतः पडदा काढला, स्वतः खाली आणून दिला, नेहमीसारखं सगळं सांगितलं, टर्पेंटाइन लावून बघितल्याचंही, आणि परत वर कामाला गेला.

मी अकरावीत होते. रविवारच होता. काकींनी थेंब खरवडला, टर्पेंटाइननं टिपला. बराचसा गेला. पण चकचकीत कापडात एक दुधी सावली राहिली. सुती असतं तर त्यांनी ते दोन दिवस तसंच ठेवून परत बघितलं असतं. पण तेवढ्यात सावंतबाई खाली आल्या. दारातूनच म्हणाल्या, "नसेल जमत तर राहू दे हां काकी. हे फॉरेनचं कापड आहे. मी वसईला ड्रायक्लीनरकडे टाकते, टेन्शन नको घेऊ."

असं कोणी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. सावंतबाई वर गेल्यावर त्यांनी मला कपाटातली छोटी बाटली आणायला सांगितली. नेलपॉलिश रिमूव्हर. सुती कापडावरच्या हट्टी ठिपक्यांना त्या तो कधीकधी वापरत.

बाटली आणताना मी तिच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. सवयच लागली होती. त्यात लिहिलं होतं की अॅसिटेटच्या कापडावर वापरू नये.

काकींनी पडद्याची शिवण उलटवून पट्टी माझ्यापुढे धरली. पट्टीवर लिहिलं होतं, शंभर टक्के अॅसिटेट, फक्त ड्राय क्लीन.

"काय लिवलंय?"

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं, ते मी इतक्या वेळा आठवलंय की आता त्यातलं खरं किती ते मलाच सांगता येत नाही. अॅसिटेटला मराठीत काय म्हणतात, ते मला माहीत नव्हतं. त्यांनी पट्टीवर काय आहे ते विचारलं होतं, बाटलीवर काय आहे ते नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आणि जास्तीचं बोलायचं नाही, हा आमचा करार होता. ही सगळी कारणं खरी आहेत. पण यांतल्या कुठल्याही कारणानं माझं तोंड दाबून धरलेलं नव्हतं.

"ड्राय क्लीन," मी म्हटलं.

"ते सगल्यावर लिवलेलं असतं," काकी म्हणाल्या आणि त्यांनी रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवला.

कापड त्यांच्या बोटाखाली मऊ झालं. मग चिकट झालं. त्यांनी बोळा उचलला तेव्हा त्याच्याबरोबर मोरपंखी साय उचलली गेली आणि मागे बनियनाचा पांढरा भाग दिसला. भोक आधी मुगाएवढं होतं. बघता बघता ते रुपयाच्या नाण्याएवढं झालं. कडा वाळून नखासारख्या कडक झाल्या.

काकींनी कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता त्या स्वतःलाच विचारतील. आधी काय लावलं? त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली कपाटात नेऊन ठेवली, हात साबणानं दोनदा धुतले आणि पडदा घेऊन दारात गेल्या. सावंतबाईंना हाक मारली. दोनचार बायका आणखी आल्या.

"हरेशच्या औषदानं कापड खाल्लं," काकी म्हणाल्या. "माज्याकडं आलं तवाच आतून गेलेलं. मी हात लावला आन सुटलं."

हरेशदादा ब्रश हातात घेऊनच खाली उतरला. तो भांडला नाही. त्याला भांडता येत नव्हतं. तो म्हणाला, "काकी, मी टर्पेंटाइन लावलेलं. तेवडंच. तुमाला सांगितलं ना मी." काकी त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या भोकाकडे बघत होत्या. मग तो माझ्याकडे वळला आणि सावंतबाईंना म्हणाला, "ही होती ना इथं. हिला इचारा."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. जन्मात पहिल्यांदा एवढी माणसं माझ्या वाक्यासाठी थांबली होती.

मी म्हटलं, "आय डोन्ट नो."

इंग्रजीत म्हटलं. का, ते विचारू नका. एवढंच सांगते की त्या जिन्यात इंग्रजीत बोललेलं खरं वाटे. सावंतबाईंनी मान हलवली, जणू कोर्टाचा कागद वाचला. काकींनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्यात आभार नव्हते. नव्या कापडाकडे त्या बघत तसं बघितलं, हे कुठल्या जातीचं सूत आहे म्हणून.

संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर भोकाचा फोटो आला. खाली सावंतबाईंनी लिहिलं होतं की हा पेंटर लोकल अॅसिड वापरतो, कृपया कोणी काम देऊ नये. शेजारच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरही तो गेला. टर्पेंटाइनचं अॅसिड व्हायला चार तास पुरले. हरेशदादाचं सावंतबाईंकडचं काम अर्धं राहिलं. त्यांची एक खिडकी पांढरी आणि एक जुनी तपकिरी अशी पुष्कळ दिवस तशीच होती.

त्यानंतर मी खळ्यावर गेले नाही आणि काकींनी बोलावलं नाही. जिन्यात भेट झाली तर त्या बाजूला होत, मीही होत असे. बायका डाग घेऊन जात राहिल्या. तीन प्रश्न चालू राहिले. मला वाटायचं, एक दिवस तिसरा प्रश्न त्यांच्या घशात अडकेल. नाही अडकला. उलट त्या जास्त कडक झाल्या. एका म्हातारीची गोधडी त्यांनी दोनदा परत पाठवली, कारण तिला आधी काय लावलं ते आठवत नव्हतं.

एकच बदल झाला. त्यांनी स्वतःच्या घराला पुन्हा रंग दिला नाही. भाड्याचे फ्लॅट नव्या रंगाऱ्याकडून करून घेत, स्वतःचा नाही. कोणी विचारलं तर सांगत, खाली तळं हाय, टिकत नाय रंग. आई म्हणे, बघ, मनाला लागलं असेल. मला आईचा राग येई. मनाला लागलं असेल तर चार जिने चढून सांगता येतं. भिंती सोलू देऊन कोणाचं काय भलं होतं?

पुढे आम्ही विरारला स्वतःचा फ्लॅट घेतला. मी कॉमर्स केलं आणि कामणला एका गोदामाच्या ऑफिसात लागले. माल येतो, माल जातो, मी कॉम्प्युटरवर नोंदते. बोलावं फार लागत नाही.

गेल्या वर्षी गोदामाच्या फरशीवर नव्या पिवळ्या रेषा मारायचं काम निघालं. दुपारी मी एक कागद द्यायला आत गेले तर एक माणूस गुडघ्यांवर बसून रेषेच्या कडेला टेप चिकटवत होता. कानामागे पिवळा ठिपका. मी वळून परत जाऊ शकले असते. तो वर न बघता म्हणाला, "जपून, ओला हाय," आणि मग वर बघून, "तळ्यावरची ना?"

तो जाड झाला होता. गुडघ्यांना जुन्या टायरचे तुकडे बांधले होते. आचोळ्यातलं काम बंद झाल्यावर दोन वर्षं नुसता फिरला, मग इकडे कंत्राटदाराकडे लागला, असं त्यानं सांगितलं. घरांची कामं आता करत नाही. गोदामात पडदे नसतात, तो म्हणाला आणि हसला. काकी कशा आहेत, असं त्यानं विचारलं तेव्हा मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले.

मी त्याला सगळं सांगितलं. बाटलीवरचं, पट्टीवरचं. मराठीत सांगितलं, अडखळत, अॅसिटेटला अॅसिटेटच म्हणत.

त्यानं ऐकताना टेपचा एक तुकडा पूर्ण चिकटवला. मग म्हणाला, "मला तवाच कळलेलं. नेलपॉलिसचा वास जिन्यापर्यंत आलेला. टर्पेंटाइननं कापड वितळतंय होय?"

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोललो की. तुला इचारा बोललो."

त्यानं टेपचं टोक नखानं सोडवलं.

"काकींचं मी समजू शकतो," तो म्हणाला. "त्यांच्याकडं तेवडी एकच गोष्ट होती, डाग काढायची. ती कशी सोडतील? पन तुजं काय जात होतं, ते मला आजपन समजलं नाय."

कंत्राटदारानं हाक मारली. तो उठता उठता बोलला की त्याची मुलगी आचोळ्याच्या शाळेत होती, आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांबरोबर. पडदा जाळणाऱ्याची मुलगी म्हणायचे तिला. ती आता कॉलेजला आहे, पण अजून कधीतरी मध्येच विचारते, पप्पा, खरंच तुम्ही अॅसिड लावलेलं का? "एकदा काकींनी त्या बायांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला काम नको तिकडलं. पोरीला दाखवायला."

पुढच्या रविवारी मी आचोळ्याला गेले.

दार उघडंच होतं. काकी खूप लहान झाल्या होत्या. भिंतींचे पापुद्रे लोंबत होते, त्यांचा चुरा फरशीवर, पाटावर, काकींच्या केसांत. मला बघून त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कसला रंग?"

माझ्या हातात काही नव्हतं. मी सांगितलं की कामणला हरेशदादा भेटला.

त्यांनी पदरानं पाट पुसला. मग म्हणाल्या, "त्याला बोलव. भिंती करायच्या हायत."

मी म्हटलं, तो येणार नाही. त्याला पोरीला दाखवायला ग्रुपवर लिहून हवं आहे.

"लोकांना कशाला? त्याला मी बोलते की, घरातल्या घरात."

"त्या सुनेचं सासूसमोर बोलला होतात," मी म्हटलं. "जिन्यात."

काकी हळूच म्हणाल्या, "लिवलं तर कोन येनार नाय परत माज्या दारात." मी इकडेतिकडे बघितलं. खळ्यावर एकही कापड वाळत नव्हतं. बाटल्यांवर धूळ होती. आता बायका चादरी टाकून नव्या मागवतात, मला आईकडून कळलं होतं. त्या दारात तसंही कोणी येत नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना कळलं असावं. त्यांनी उशीखालून फोन काढला. वेगळ्या राहणाऱ्या मुलानं घेऊन दिलेला, मोठ्या आकड्यांचा. ग्रुपमध्ये त्या होत्या. चार फ्लॅटच्या मालकीण म्हणून.

"लिव," त्या म्हणाल्या. "हरेशची चूक नव्हती."

"मग कोणाची?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"काकी, आधी काय लावलं ते लिहावं लागेल."

त्यांनी डोळे मिटले, कापड हुंगताना मिटत तसे. "लिव. रिमूवर मी लावला. हरेशनं टर्पेंटाइनच लावलेलं, त्यानं मला खरं सांगितलं. मी खोटं बोलली."

मी लिहिलं. मराठी टाइप करायला मला वेळ लागतो. खाली मी माझं एक वाक्य जोडलं, नावासकट, की बाटलीवरची सूचना मी वाचली होती आणि सांगितली नाही. त्यांनी वाचायला सांगितलं. मी सगळं वाचून दाखवलं, माझंही.

"ते कशाला?" त्या म्हणाल्या.

"ते खरं आहे."

"बरं. धाड."

मी पाठवलं आणि हरेशदादाला त्याचा फोटो पाठवला. मग आम्ही दोघी फोन मध्ये ठेवून पाटाशेजारी बसून राहिलो, पूर्वी डाग सुटायची वाट बघत बसायचो तशा. सावंतबाई तीन वर्षांपूर्वीच फ्लॅट विकून गेल्या होत्या. नवी सून आता दुबईला होती. तिच्या सासूला फोन वापरता येत नव्हता. त्या दिवशी जिन्यात उभ्या असलेल्यांपैकी ग्रुपवर कोण उरलं होतं, ते मी मनात शोधत होते. एकही नाव सापडलं नाही.

फोन वाजला. मग परत वाजला.

"काय लिवलंय?" काकींनी विचारलं.

बांधावरच्या नव्या भाडेकरूनं लिहिलं होतं, सॉरी, कोण हरेश? त्याखाली सेक्रेटरींनी अंगठा टाकला होता. त्याखाली टँकर होता.

काकी वाट बघत होत्या. मी फोन जवळ घेतला आणि या वेळी सगळं वाचलं. कोण हरेश, तेही. अंगठा, तोही. आणि पाण्याचा टँकर अकराला येईल, टाक्यांची झाकणं उघडी ठेवा, तेही.